तारखांच्या ओव्हरलॅपची कोडी: बोर्ड एक नंबर, पण टोकाच्या तारखेचा घोळ मिटवा राव

चार स्टार देतोय. पाचवा का कापला ते खाली येईलच. रिव्ह्यू लांबलाय हे मलाही दिसतंय, पण या ॲपचे बाकीचे रिव्ह्यू "मस्त ॲप", "छान आहे" आणि "ॲड फार येतात" एवढ्यावरच संपतात, त्यातून डाउनलोड करणाऱ्याला काडीचं कळत नाही.

लॉजिकल रिझनिंगची ॲप्स पैशाला पासरी मिळतात आणि सगळ्यांत तेच ते, नातेसंबंध, दिशा, गोल टेबलाभोवती बसलेली माणसं, पुढचा नंबर ओळखा. हे ॲप मी घेतलं ते फक्त तारखांच्या सेक्शनसाठी, म्हणजे अ अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होता, ब तेव्हापासून तेव्हापर्यंत, मग दोघं एकत्र किती दिवस होते, कोण कोणाला भेटूच शकत नाही, सगळे एका दिवशी हजर सापडतील का, कमीत कमी किती खुर्च्या लागतील, असली कोडी. बाकीचे सेक्शन उघडून पाहिले आणि बंद केले, त्यात नवीन काही नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलत नाही. हा एक सेक्शन मात्र कोणीतरी खरंच डोकं लावून बनवलाय हे पहिल्या काही कोड्यांतच कळतं.

आधी बोर्डबद्दल, कारण निम्मी मजा तिथेच आहे. वर कोडं, खाली तारखा आडव्या मांडलेल्या, आणि प्रत्येक पात्राची एक पट्टी, ती बोटाने ओढायची, ताणायची, आखूड करायची. पात्रांना नावं नाहीत, अ ब क ड बस्स, आणि ते बरंच केलंय, नावं आली की त्यांच्यामागे गोष्ट येते आणि माणूस कोडं सोडून गोष्ट वाचत बसतो. ज्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही पक्के आहेत त्याची पट्टी गडद, आणि ज्याचं एखादं टोक अजून ठरलेलं नाही त्याची फिकट, ते टोक कुठून कुठपर्यंत हलू शकतं ते बारीक रेघेने दिसतं. ऐकायला साधं वाटतं पण तारखांच्या कोड्यात माणूस अडकतो तो नेमका इथेच, कारण आकडे डोक्यात धरून ठेवले की चौथ्या माणसापर्यंत येता येता पहिल्याचा शेवट विसरलेला असतो, पट्ट्या डोळ्यांसमोर असल्या की निम्मं उत्तर न मोजताच दिसतं.

सुरुवातीच्या लेव्हलमध्ये एक गोष्ट फार चांगली शिकवलीय. दोन रेंज एकमेकांवर येतात का हे थेट शोधायला गेलात तर केसेस वाढत जातात, एक डावीकडून घुसलीय, एक उजवीकडून, एक दुसरीच्या पोटात आहे, दोघी सोबत सुरू होतात पण वेगवेगळ्या संपतात, वगैरे वगैरे. ॲप म्हणतं उलटं विचारा, कधी येत नाहीत? मग दोनच शक्यता उरतात, पहिली संपल्यावर दुसरी सुरू होते किंवा दुसरी संपल्यावर पहिली. या दोन्ही नसतील तर ओव्हरलॅप आहे, विषय संपला. म्हणजे पहिलीची सुरुवात दुसरीच्या शेवटानंतर नको आणि दुसरीची सुरुवात पहिलीच्या शेवटानंतर नको, दोनच तुलना करायच्या. जो माणूस रोज शेड्यूल लावतो त्यालाही हे असं सुटसुटीत कोणी सांगितलेलं नसतं, तो आपला कॅलेंडरवर बोट फिरवत बसतो.

याच ठिकाणी "अधिक माहिती" म्हणून एक चित्रांचा तक्ता दिलाय, १३ छोटी छोटी चित्रं, खाली एका ओळीचंही स्पष्टीकरण नाही. ज्यांना प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी सांगतो, जेम्स ॲलन नावाच्या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने १९८३ साली दोन कालावधींमधली सगळी नाती मोजून मांडली ती ही. अगोदर, टेकून, घुसून, सोबत सुरू, पोटात, सोबत संपून, आणि तंतोतंत एकच, ही सात, आणि पहिल्या सहांच्या उलट्या बाजू सहा, एकूण १३. चौदावं नातं नाही. यातल्या अगोदर आणि टेकून या दोन आणि त्यांच्या उलट्या दोन अशा चारांत सामायिक वेळ शून्य, उरलेल्या नऊंत काही ना काही सामायिक. वर म्हटलेली उलट्या प्रश्नाची युक्ती याच चारांना पकडते. इतकी सुंदर गोष्ट, आणि ॲपने ती नुसती भिंतीवर लटकवल्यासारखी ठेवलीय. दोन वाक्यं लिहिली असती तर काय बिघडलं असतं?

मोजणी पण नीट आहे. सामायिक दिवस काढायचे तर दोन्ही शेवटांतला जो लवकरचा तो घ्या, दोन्ही सुरुवातींतली जी उशिराची ती घ्या, वजा करा, एक मिळवा, उत्तर शून्य किंवा त्याखाली आलं तर भेट नाही. तो एक मिळवायचा असतो कारण ५ ते १२ म्हणजे ७ दिवस नाहीत, ८ आहेत, आणि परीक्षेतले चुकीचे ऑप्शन बरोब्बर याच एकावर टपून बसलेले असतात. एवढं सगळं येतं म्हणणाऱ्यांनी सरळ मधल्या लेव्हलवर जावं, पहिल्या लेव्हलमध्ये एकाच मापाची कोडी फारच झालीत, तिथे कंटाळा येतो.

मधल्या लेव्हलमधलं एक कोडं मला जाम आवडलं, त्यावर जरा जास्त लिहितो. मार्च महिना, ३१ दिवस. अ सलग २० दिवस सुट्टीवर होता, ब सलग १५ दिवस, दोघांच्या सुट्ट्या पूर्ण मार्चमध्येच, सुरुवात कधी झाली माहीत नाही. विचारलंय की खात्रीने काय काय सांगता येईल. बहुतेक लोक म्हणणार तारखाच नाहीत तर काय सांगणार. आता अ ची पट्टी घ्या आणि पूर्ण डावीकडे ढकला, १ ते २०. पूर्ण उजवीकडे ढकला, १२ ते ३१. म्हणजे पट्टी कुठेही असो, १२ ते २० हे नऊ दिवस अ सुट्टीवर असणारच, तारीख न सांगता नऊ दिवस पक्के मिळाले. जपानी नोनोग्राम कोडी सोडवणाऱ्यांना ही ट्रिक तोंडपाठ असते, तिथेही लांब ठोकळा या टोकाला आणि त्या टोकाला सरकवून मधली घरं भरतात, इथे घरांच्या जागी तारखा आहेत इतकंच.

आता ब चं तेच करा. डावीकडे १ ते १५, उजवीकडे १७ ते ३१, मध्ये काही उरतच नाही, ब बद्दल एकही दिवस खात्रीने सांगता येत नाही. इथे माणूस म्हणतो की मग दोघांच्या ओव्हरलॅपबद्दलही काही सांगता येणार नाही, आणि ॲपमध्ये तो ऑप्शन मुद्दाम पहिला ठेवलाय. पण २० आणि १५ मिळून ३५, महिना ३१ चा, त्यामुळे कमीत कमी ४ दिवस दोघं एकाच वेळी सुट्टीवर होतेच. अ ला १ ते २० वर ठेवा आणि ब ला पळवून पळवून १७ ते ३१ वर न्या, तरी १७, १८, १९, २० सापडतातच. कोणते चार ते सांगता येत नाही, पण चार आहेत हे नक्की. ब चा एकही दिवस पक्का नसताना भेटीचे चार दिवस पक्के, हे बोर्डवर पट्टी सरकवत बघताना जे वाटतं ना त्यासाठी ॲप डाउनलोड करावं. "कोणते" आणि "किती" हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे या एका कोड्यात कळतं, आणि पुढची अर्धी अवघड कोडी याच फरकावर उभी आहेत. जास्तीत जास्त किती विचारलं तर ते सोपं, ब पूर्णच्या पूर्ण अ च्या पोटात बसतो, १५.

पुढे "सगळे एकत्र" नावाची लेव्हल आहे. कोडं असं की सात जण येऊन गेले, प्रत्येक जण एकदाच आला आणि सलग राहिला, कोणतीही जोडी काढा, ते दोघं एकमेकांना भेटलेत. प्रश्न, सातही जण एकाच वेळी हजर होते असा एखादा दिवस होता का? २१ जोड्या होतात, माणूस त्या लिहायला बसतो. गरजच नाही. सगळ्यात शेवटी जो आला त्याला पकडा आणि सगळ्यात आधी जो गेला त्याला पकडा. ही पण एक जोडीच, म्हणजे हे दोघं भेटलेत, म्हणजे शेवटचा आला तेव्हा पहिला अजून गेलेला नव्हता. मग त्या दिवशी बाकीचे सगळे आलेलेही होते आणि कोणी गेलेलंही नव्हतं. सात काय सत्तर असोत, उत्तर हो. (शेवटी येणारा आणि आधी जाणारा एकच माणूस निघाला तर प्रश्नच नाही, तो होता तितके दिवस सगळेच होते.) गणितात याला हेलीचं प्रमेय म्हणतात, एडुआर्ड हेली या ऑस्ट्रियन गणितज्ञाने ते १९२३ साली छापलं, आणि ते रेषेपुरतं नाही, सपाट कागदावर किंवा त्याहून वरच्या मितींतही चालतं, फक्त कागदावर जोड्या पुरत नाहीत, तिघातिघांची भेट लागते. कागदावर तीन वर्तुळं अशी काढता येतात की प्रत्येक जोडी एकमेकांवर येते पण तिघांचा मिळून एकही बिंदू नाही. तारखांची मजा हीच की काळ एका रेषेत पळतो म्हणून जोड्यांवर भागतं.

ॲपने इथे अजून एक हुशारी केलीय, पुढच्याच कोड्यात "प्रत्येक जण एकदाच आला" ही अट गुपचूप काढून टाकलीय. मग सगळं कोसळतं. अ आणि ब सोमवारी भेटले, ब आणि क मंगळवारी, क आणि अ बुधवारी, तिघं मिळून कधीच नाही, आणि तरी प्रत्येक जोडी भेटलेली, कारण अ मंगळवारी नव्हताच. घाईघाईत मागचं उत्तर ठोकणाऱ्याची विकेट जाते. भारी वाटलं मला हे, कारण बहुतेक ॲप्स तीच युक्ती दहा वेळा घोटून घेतात आणि युक्ती कुठे लागू नाही ते सांगतच नाहीत.

आणि मग ते चौघांचं कोडं. रजिस्टरमध्ये तारखा पुसल्या गेल्यात, फक्त जबाब आहेत. अ आणि ब भेटले, ब आणि क भेटले, क आणि ड भेटले, ड आणि अ भेटले. अ आणि क कधीच भेटले नाहीत, ब आणि ड कधीच भेटले नाहीत. चौघंही म्हणतात आम्ही एकदाच आलो आणि सलग राहिलो. हे शक्य आहे का? एकही तारीख नाही, तरी उत्तर पक्कं आहे. अ आणि क भेटले नाहीत म्हणजे त्यातला एक आधी गेला, समजा अ गेला आणि नंतर क आला. ब ला दोघंही भेटले, म्हणजे ब अ असतानाही होता आणि क आल्यावरही होता, सलग, म्हणजे अ च्या शेवटच्या दिवशी तो तिथे होताच. ड चंही शब्दशः तेच. मग अ च्या शेवटच्या दिवशी ब आणि ड दोघंही तिथे, आणि म्हणतात आम्ही भेटलो नाही. कोणीतरी खोटं बोलतंय. बोर्डवर पट्ट्या कितीही सरकवा, चौथी बसतच नाही, आणि ती का बसत नाही हे सरकवता सरकवताच कळतं, इथे बोर्डला पैकीच्या पैकी मार्क.

क्लॉद बेर्ज या फ्रेंच गणितज्ञाने याच विचारावर एक रहस्यकथासुद्धा रचली होती, जबाबांवरून कोण दोनदा येऊन गेला ते शोधायचं. आणि हे नुसतं टाइमपास नाही बरं का, सीमूर बेन्झर या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एका व्हायरसच्या जीनमधले गहाळ तुकडे एकमेकांवर येतात की नाही, एवढ्या हो-नाहीच्या माहितीवरून जीनची आतली मांडणी सरळ रेषेत असल्याचं दाखवलं. तारखा नाहीत, मोजमाप नाही, फक्त कोण कोणाला "भेटतं" याची यादी. ॲपमध्ये यातलं काही दिलेलं नाही, दिलं असतं तर पोरांना कळलं असतं की हे फक्त परीक्षेत मार्क मिळवायला नसतं.

आता पाचवा स्टार का कापला. खुर्च्यांचं कोडं घ्या. चार जण आहेत, १ ते ७, ३ ते १०, ५ ते ९ आणि ७ ते १५. प्रत्येकाला एक खुर्ची, कमीत कमी किती खुर्च्या लागतील? इथे शिकवलेली युक्ती उत्तम आहे, पंधराही दिवस तपासायचे नाहीत, गर्दी वाढते ती फक्त कोणी आलं की, म्हणून फक्त येण्याचे दिवस बघायचे. १ तारखेला एक, ३ ला दोन, ५ ला तीन, आणि ७ ला? पहिला माणूस ७ तारखेला अजून बसलेला धरला तर चार, ७ ला सकाळीच उठून गेला धरला तर तीन. कोड्यात यावर चकार शब्द नाही. उत्तर तीन दिलंय. बरं, तीन तर तीन, पण मागच्या लेव्हलमध्ये ५ ते १२ आणि १२ ते २० यांची भेट एक दिवस धरली होती, म्हणजे तिथे १२ तारीख दोघांची होती. मग इथे ७ तारीख दोघांची का नाही?

यात लोक म्हणतील एका दिवसासाठी एवढं काय. अहो, या प्रकारच्या कोड्यात सगळं त्या एका दिवसावरच असतं! ऑप्शन ३ आणि ४ दोन्ही समोर आहेत, माणसाने लॉजिक बरोबर लावलंय आणि तरी लाल फुली येते, मग तो आपलं लॉजिक चुकलं समजून बरोबर शिकलेलं पुसून टाकतो.

आणि घोळाचं मूळ बोर्डमध्येच आहे. बोर्डवर प्रत्येक तारीख ही एक उभी रेघ आहे, खण नाही. त्यामुळे ५ ते १२ ची पट्टी १२ च्या रेघेवर संपते आणि १२ ते २० ची पट्टी त्याच रेघेवर सुरू होते, दोघी एकमेकींना टेकतात, वर एक आणि खाली एक ठेवून बघितलं तरी सामायिक रंग कुठेच दिसत नाही. डोळ्यांना शून्य दिवस दिसतात, उत्तर म्हणतं एक. ५ ते १२ ची पट्टीसुद्धा मोजली तर सात घरं लांब दिसते, आठ नाही. म्हणजे जो बोर्ड समजावून सांगायला ठेवलाय तोच फॉर्म्युल्यातल्या "एक मिळवा" च्या विरुद्ध साक्ष देतो. तारखेला रेघेऐवजी चौकोन द्या, एक दिवस एक चौकोन, पट्टी चौकोन भरत जाईल, सगळं आपोआप जुळेल. मी आता काय करतो, जिथे टोकं टेकतात तिथे चौकटीच्या वहीत एक दिवस एक घर धरून काढून बघतो आणि मगच ॲपमध्ये उत्तर टाकतो.

दोन पद्धती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, हेही सांगायला हवं. सुट्टी, कोर्स, प्रदर्शन, औषधाचे दिवस असलं काही असेल तर माणसं दोन्ही टोकं धरतात. रूम बुकिंगसारख्या ठिकाणी शेवटचा दिवस सोडतात, ज्या दिवशी एक निघतो त्याच दिवशी दुसरा येतो आणि भांडण होत नाही. कॉम्प्युटरवाल्यांना दुसरी पद्धत आवडते, डाइक्स्ट्रा या डच कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने १९८२ साली एक छोटं टिपण लिहून सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा हेच का बरं ते मांडलं होतं, शेवट वजा सुरुवात केली की थेट लांबी मिळते आणि लागोपाठच्या दोन रेंज न भांडता बसतात. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये तारखांचे ओव्हरलॅप तपासायची जी सोय आहे ती पण शेवट सोडूनच मोजते. एक्सेलमध्ये तर दोन्ही नांदतात, एका तारखेतून दुसरी नुसती वजा केली तर शेवटचा दिवस धरत नाही, आणि कामाचे दिवस मोजणारं नेटवर्कडेज फंक्शन दोन्ही टोकं धरतं. तेव्हा कोणती पद्धत घ्यायची याबद्दल माझं काही म्हणणं नाही, कोणतीही घ्या, पण प्रत्येक कोड्याच्या डोक्यावर एका ओळीत लिहा की शेवटचा दिवस धरलाय का सोडलाय. फीडबॅकमध्ये हे कळवलं तर "आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद" एवढं ऑटोमॅटिक उत्तर आलं आणि पुढच्या अपडेटमध्ये काय आलं तर नवीन थीम आणि डार्क मोड. डार्क मोड छान आहे, पण डार्क मोडमध्येही रेघ ती रेघच.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे साल न देणं. एका कोड्यात २५ फेब्रुवारी ते ५ मार्च अशी रेंज आहे, दिवस किती विचारलंय, साल नाही. २०२३ असेल तर ९, २०२४ असेल तर १०. ऑप्शनमध्ये दोन्ही आहेत. हेच जर "कोणत्या सालात १० दिवस होतील" असं विचारलं असतं तर भन्नाट कोडं झालं असतं, त्यात १९०० आणि २००० टाकायचे, दोन्हींना ४ ने भाग जातो पण १९०० लीप नाही आणि २००० आहे, कारण शंभराने भाग जाणाऱ्या सालाला ४०० नेही भाग जावा लागतो. (१९०० चं उत्तर एक्सेलमध्ये तपासायला जाऊ नका, एक्सेल १९०० ला लीप धरतं, लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट सॉफ्टवेअरशी जुळवून घेण्यासाठी ती चूक तशीच ठेवलेली आहे.)

हिंटचं बटण निकामी आहे. हिंट म्हणजे पुढचा विचार सुचवायचा, इथे दाबलं की थेट एक पट्टी जागेवर जाऊन बसते, का बसली ते नाही. आधी सगळ्यात लांब पट्टी दोन्ही टोकांना ढकलून बघा, किंवा सगळ्यात आधी जाणारा कोण ते शोधा, इतकं लिहिलं असतं तरी पुरे होतं. टायमर मात्र बंद करता येतो, सेटिंगमध्ये सगळ्यात खाली आहे, आधी जाऊन तो बंद करा. ॲड दर काही कोड्यांनी येतात, त्यांचं एवढं काही वाटत नाही, पण बोर्ड अर्धवट मांडलेला असताना ॲड आली की पट्ट्या पुन्हा मूळ जागी जातात, हे मात्र डोक्यात जातं.

आणखी एक, या सेक्शनमध्ये मधूनच वाढदिवस ओळखायची कोडी घुसडलीत, एकाला महिना माहीत, दुसऱ्याला तारीख माहीत, पहिला म्हणतो मला माहीत नाही पण त्यालाही माहीत नाही, त्या धर्तीची, २०१५ मध्ये सिंगापूरचं एक कोडं व्हायरल झालं होतं तसली. कोडी वाईट नाहीत, पण त्यात कोणाला काय ठाऊक आहे याचा विचार लागतो, कालावधींचा संबंधच नाही आणि बोर्डचा शून्य उपयोग. तारीख हा शब्द दिसला म्हणून इथे टाकली असावीत.

शेवटच्या लेव्हलमधलं एक मात्र चुकवू नका. पाच जणांच्या रेंज दिल्यात, २ ते ६, ४ ते ९, ५ ते ७, ८ ते १२, ११ ते १४, आणि विचारलंय की कमीत कमी किती दिवस चक्कर मारली की प्रत्येकाची एकदा तरी भेट होईल. सगळ्यात आधी संपणारा बघायचा, त्याच्या शेवटच्या दिवशी जायचं, म्हणजे ६ तारीख, त्यात तिघं उरकतात. उरलेल्यांत पुन्हा आधी संपणारा, १२ तारीख, उरलेले दोघं उरकतात. दोन चकरा. एका चकरेत का होणार नाही, तर २ ते ६ आणि ८ ते १२ एकमेकांना शिवतच नाहीत. लगेच खाली दुसरा प्रश्न आहे, एकमेकांशी अजिबात न भिडणारे जास्तीत जास्त किती जण निवडता येतील, आणि त्याचंही उत्तर दोन. आकडे बदलून बघा, दहा जण घ्या, वीस घ्या, ही दोन उत्तरं कायम सारखीच येतात, आणि का येतात ते शोधायचं काम ॲपने सोडवणाऱ्यावर सोडलंय. इथे टेकणारी टोकं मुद्दाम टाळलीत, त्यामुळे वरचा घोळ आड येत नाही. डेव्हलपरना कळतं तर सगळं, बोर्ड मांडताना आळस केलाय.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी मधली लेव्हल आणि "सगळे एकत्र" नीट करावी, खुर्च्यांची लेव्हल वहीत करावी आणि ॲपचं उत्तर फक्त ताडून बघावं. हौस म्हणून सोडवणाऱ्यांनी चौघांच्या जबाबांपासून सुरुवात केली तरी चालेल. रेघांचे चौकोन झाले की येऊन पाचवा स्टार देतो.